हरीण दिसलं म्हणजे बार टाकायचाच, असं नाही

हरणांचा हंगाम तोंडावर आला की एक सल्ला हमखास फिरायला लागतो. थोडक्यात असा: समोर हरीण आलं की विचार करत बसू नका, बार टाका. आजच्या रायफलीला तीनशे यार्ड म्हणजे काहीच नाही. जनावर कसंही उभं असू दे, चांगली गोळी आरपार जाते. जागच्या जागी पाडायचं असेल तर डोकं किंवा मान धरा. जखमी झालं तरी रक्ताच्या मागावर सापडतंच. आणि सोडलेलं हरीण परत येत नाही.

ज्यानं नुकताच परवाना काढलाय, त्याला हे वाचून धीर येतो. म्हणूनच मला हा सल्ला धोक्याचा वाटतो.

एक आधीच सांगतो. भारतात हरणाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे आणि ती बंदच राहावी. मी लिहितोय ते अमेरिकेतल्या शिकारीबद्दल. तिथं व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या परवाने, टॅग (एका हरणामागे एक मिळणारी, मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी) आणि ठरलेले हंगाम यांच्या आधारानं आटोक्यात ठेवली जाते, आणि आपल्यातलेही काही जण हंटर एज्युकेशनचा कोर्स करून रानात जायला लागले आहेत.

सल्ल्यातल्या प्रत्येक वाक्याला मी एकच प्रश्न विचारणार आहे: नेम चार-पाच इंच चुकला तर गोळी कुठे बसेल? कारण नेम चुकतोच. दोन तास थंडीत बसल्यावर अचानक पाला वाजतो, छाती धडधडायला लागते, श्वास आखूड होतो, बोटं ऐकत नाहीत. तिथले शिकारी याला ‘बक फीव्हर’ म्हणतात आणि तो मुरलेल्या माणसांनाही गाठतो. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून पुढच्या पायाच्या मागे जेमतेम आठ ते दहा इंचांचा भाग भरतो. त्याच्या मध्यावर नेम धरला तर कुठल्याही बाजूला तुम्हाला चार-पाच इंचांची सूट आहे. त्यापलीकडे नाही.

“आजच्या रायफलीला तीनशे यार्ड म्हणजे काहीच नाही.”

रायफलीला नसेल, माणसाला आहे. .३०८ ची, म्हणजे हरणांसाठी नेहमी वापरली जाणारी रायफल दोनशे यार्डांवर शून्य केली असेल, म्हणजे तिथं गोळी बरोबर नेमावर बसेल अशी लावली असेल, तर तीनशेवर गोळी साधारण आठ-नऊ इंच खाली जाते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल तर सात इंचांच्या आसपास बाजूला ढकलली जाते. तीनशे समजून साडेतीनशेवर बार टाकलात तर आणखी सहा-सात इंच खाली. यातल्या अंतराचा प्रश्न रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजणारं यंत्र, सोडवतो, हे मान्य. वारा मात्र तुमच्याजवळ एक असतो आणि दरीपलीकडे हरणाजवळ दुसराच.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. तीनशे यार्ड कापायला गोळीला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्तच वेळ लागतो. तेवढ्या वेळात ताशी तीन मैलांच्या संथ चालीनं जाणारं हरीण दीड फुटाहून अधिक पुढे सरकतं. खांद्यामागे धरलेली गोळी मग फुप्फुसांच्या मागे, पोटात जाऊन बसते. रायफल अचूक, स्कोप महागडा, चाप ओढणाराही तयारीचा. पण हरणानं फक्त एक पाऊल टाकलं.

तुमची मर्यादा किती, हे रायफलीच्या खोक्यावर छापलेलं नसतं. नऊ इंचांची कागदी थाळी लावा. बाकावरून आणि वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून नको. रानात जसे बसाल तसं बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, थोडं धावून आल्यावर पाच गोळ्या मारा. पाचही थाळीत बसतात ते अंतर तुमचं. माझ्या अनुभवात बहुतेकांचं ते शंभर-दीडशे यार्डांच्या आसपास निघतं, आणि बहुतेक हरणं त्याच्या आतच दिसतात.

धनुष्याच्या बाबतीत तर हा ‘अंतर म्हणजे काहीच नाही’वाला सल्ला साफ कोसळतो. आवाज सेकंदाला सुमारे अकराशे फूट जातो. आजच्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं लावलेल्या धनुष्याचा बाण सेकंदाला २८० फूट धरू. म्हणजे दोरी सुटल्याचा आवाज बाणाच्या बराच आधी हरणापर्यंत पोचतो. दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली दबतं. शिकारी याला ‘दोरीवर उडी’ म्हणत असले तरी हालचाल खालच्या दिशेनं असते. आवाज कळून अंग हलायला त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो असं धरा आणि नंतर ते निव्वळ स्वतःच्या वजनानं खाली येतं असं धरा. हिशोब करून बघा: वीस यार्डांवर बाण पोचेपर्यंत ते इंचभरही खाली गेलेलं नसतं. तीस यार्डांवर जवळजवळ चार इंच. चाळीस यार्डांवर नऊ इंचांच्याही वर.

वीस आणि चाळीस यार्डांमधला फरक तुमच्या हाताचा नाही, हरणाच्या कानांचा आहे. थाळीवर चाळीस यार्डांवरून सगळे बाण मधोमध बसत असतील, तरी थाळी खाली बसत नाही. चालतं हरीण थांबवायला काही जण तोंडानं बेंऽ करून आवाज देतात. हरीण थांबतं, खरं आहे, पण ते कान टवकारून, स्नायू ताणून थांबतं. अशा हरणावर तीस यार्डांपलीकडून बाण सोडू नये. मान खाली घालून चरणारं, शेपटी सैल सोडलेलं हरीण वेगळं.

“कसंही उभं असू दे, गोळी आरपार जाते.”

आरपार जाते, पण कशातून? आडवं उभं असलेलं हरीण सोपं: गोळी एका बाजूनं आत शिरते, दोन्ही फुप्फुसं फाडून पलीकडे निघते. नेम थोडा पुढे गेला तर खांदा, थोडा मागे गेला तर यकृत. दोन्हीकडे जनावर मरतंच, यकृतात लागलं तर थोडं उशिरा. तिरकं, तोंड पलीकडे करून उभं असलेलं हरीणही तितकंच चांगलं, माझ्या मते बाणाला तर अधिक चांगलं. तेव्हा नेम जवळच्या खांद्यामागे धरायचा नाही. पलीकडच्या पुढच्या पायाच्या रेषेत गोळी बाहेर निघेल असा धरायचा. मग ती बरगड्यांच्या मागच्या कडेला शिरली तरी हरकत नाही.

तेच हरीण उलटं तिरकं, म्हणजे तोंड तुमच्याकडे करून उभं असेल, तर सगळं फिरतं. गोळी खांद्याजवळ शिरते, एक फुप्फुस फाडते आणि तिथून यकृत, जठर, आतडी करत मागे जाते. दुसरं फुप्फुस शाबूत राहतं. एका फुप्फुसावर हरीण मैलभरही जाऊ शकतं. मचाणाच्या अगदी बुडाशी आलेल्या हरणाचंही हेच. वीस फुटांवरून सरळ खाली मारलेला बाण बऱ्याचदा एकाच फुप्फुसातून जातो. जवळ आहे म्हणून ते सोपं वाटतं, तसं ते नसतं. पाच पावलं पुढे जाऊ द्या, म्हणजे ते आपोआप पाठमोरं तिरकं होतं. पूर्ण पाठमोऱ्या हरणावर मागून बार टाकायचा प्रश्नच येऊ नये; आतडी फाटतात, मांस खराब होतं, आणि आधी जनावराचे हाल.

यात पायाचीही एक बारकाई आहे. अलीकडचा पुढचा पाय मागे असेल तर खांदा आणि दंडाचं हाड फुप्फुसांच्या पुढच्या भागावर येतं. हरणानं तोच पाय पुढे टाकला की तो भाग उघडा पडतो. बाण घेऊन बसलेल्यानं त्या एका पावलाची वाट बघावी.

“डोकं किंवा मान धरा.”

या वाक्याचा मला राग येतो. मेंदूत बसली तर हरीण जागीच कोसळतं, कबूल. पण मेंदू आहे केवढा? मुठीहून लहान. आणि डोकं हा हरणाच्या शरीरातला सगळ्यात जास्त हलणारा भाग: कान वळतो, मान उचलते, खाली जाते, मागे बघते. आता तोच प्रश्न, नेम तीन इंच खाली गेला तर? जबडा फुटतो. जबडा फुटलेलं हरीण पळून जातं, त्याला चरता येत नाही, आणि ते दिवसेंदिवस उपाशी राहून मरतं. मानेत कणा एवढासा, बाकी मांस आणि श्वासनलिका. छातीवर चुकलेली गोळी बहुतेकदा मारते किंवा पूर्ण हुकते. डोक्यावर चुकलेली गोळी विद्रूप करते.

“जखमी झालं तरी सापडतंच.”

ज्यांनी असा माग कधी काढला नाही, त्यांनाच हे वाटू शकतं. दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेली असेल तर गोष्ट वेगळी. पाल्यावर गुलाबी, फेसाळ, बारीक बुडबुड्यांचं रक्त मिळतं, आणि हरीण बहुधा शंभरेक यार्डांच्या आत पडलेलं असतं. रक्त गडद, तपकिरीकडे झुकणारं असेल तर यकृत समजा; तीन-चार तास थांबावं लागतं. आणि बार लागल्या जागी पोटाखालचे पांढरे, जाड केस पडलेले, रक्त थोडंसं आणि पाण्यासारखं, त्यात हिरवट चघळलेल्या पाल्याचे कण, उचलून नाकाशी धरलं की आंबट घाण वास: म्हणजे पोटात लागलंय. हरीण पाठ कमानीसारखी वाकवून सावकाश चालत गेलेलं असतं. तेव्हा लगेच मागे गेलात तर ते उठून पुन्हा पळतं आणि मग हाती लागणं कठीण. आठ ते बारा तास थांबायचं.

त्या बारा तासांत पाऊस आला तर माग धुऊन जातो. रात्र उबदार असली तर मांस हातचं जातं. कोयोटी, म्हणजे तिथले कोल्ह्या-लांडग्यासारखे प्राणी, तुमच्या आधी पोचतात. हरीण कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या रानात गेलं तर त्याच्या परवानगीशिवाय बहुतेक ठिकाणी तुम्हाला आत पाऊल टाकता येत नाही. अनेक राज्यांत माग काढणारे पट्ट्यावरचे कुत्रे वापरता येतात आणि ते थक्क करणारं काम करतात. त्यांची माहिती हंगामाआधीच काढून ठेवावी. पण कुत्र्यालाही पायाला लागलेलं, अजून धडधाकट असलेलं हरीण पकडून देता येत नाही. आणि त्या बारा तासांत ते जनावर जिवंत असतं, आतडी फाटलेल्या अवस्थेत कुठल्यातरी झुडपात पडून असतं. ‘सापडतंच’ म्हणताना ही वेळ कुणी मोजत नाही. न सापडलेलं जखमी हरीण कायद्यानं तुमच्या टॅगवर लागत नसलं, तरी मी ते आपल्या टॅगवर धरतो. माझ्या लेखी तिथं त्या वर्षाची शिकार संपली.

सल्ल्यात एक गोष्ट तर मुळातच नाही: हरणाच्या पलीकडे काय आहे? रायफलीची गोळी अडली नाही तर काही किलोमीटर जाते. टेकडीच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीला उभं असलेलं हरीण कितीही सुंदर आडवं उभं असो, मागे मातीचा उतार नाही म्हणजे बार नाही. मागे दुसरं हरीण उभं असेल तरी नाही; गोळी पहिल्यातून निघून दुसऱ्याला लागते. यावर चर्चेला जागाच नाही.

“सोडलेलं हरीण परत येत नाही.”

घाबरलेलं येत नाही. न घाबरवता सोडलेलं बऱ्याचदा येतं. व्हाइटटेल मादी साधारण चौरस मैलभर किंवा त्याहूनही कमी रानात वर्ष काढते. तुमचं मचाण त्या रानात आहे म्हणूनच ती तुम्हाला दिसली. माजाच्या दिवसांत नर लांब भटकतात, तेव्हा तो नर खरंच पुन्हा दिसणार नाही, असंही होऊ शकतं. तो गेला तर गेला.

सल्ल्यात एक खरी गोष्ट आहे, ती नाकारत नाही. काही जण इतके घुटमळतात की वीस यार्डांवर आडवं, शांत उभं असलेलं हरीण निघून जातं. पण घुटमळणं जातं ते निर्णय आधी घेतल्यानं. मचाणावर चढल्या चढल्या ठरवा: त्या ओकपर्यंत माझं अंतर, त्यापलीकडे नाही, डावीकडच्या वाटेवर मागे उतार आहे, उजवीकडे शेत आणि रस्ता आहे म्हणून तिकडे नाही, शेवटच्या उजेडात केसांचा रंग कळेनासा झाला की थांबायचं, मग कायद्यानं सूर्यास्तानंतरचा अर्धा तास शिल्लक का असेना. हे ठरलं असेल तर हरीण आल्यावर विचाराला फार काही उरत नाही, आणि बार टाकायचा असेल तेव्हा हातही स्थिर राहतो.

सोडणं म्हणजे फक्त लहान शिंगांचा नर सोडणं, असाही समज या सल्ल्याबरोबर फिरतो. पेनसिल्व्हेनियात २००२ पासून शिंगांचा नियम आहे. राज्याच्या बऱ्याच भागात प्रौढ शिकाऱ्याला एका बाजूला किमान तीन टोकं असलेला नरच मारता येतो. टोकं मोजता आली नाहीत तर बार नाही, इतकं सरळ. माद्यांच्या टॅगवर चूक होते ती दुसरीच. संध्याकाळी सगळ्यात आधी एकटंच उघड्यावर येणारं, बिनशिंगाचं, जरा बिनधास्त हरीण बऱ्याचदा मादी नसतं, त्याच वर्षी जन्मलेलं नर पाडस असतं. एकटं असलं की ते मोठं दिसतं. दुर्बिणीतून नीट पाहिलं तर कानांच्या पुढे कपाळावर दोन लहान उंचवटे दिसतात आणि तोंड आखूड असतं. शेजारी दुसरं हरीण येऊन उभं राहीपर्यंत बोट चापाच्या बाहेरच असू द्या.