१६ मात्रा, ५ ठोके आणि एक खुर्ची

लहानपणी ६ वर्षे तबला शिकलेल्या माणसाला १६ मात्रांची भीती वाटत नाही, आणि माझ्या फजितीचे मूळ या निर्भयतेतच आहे. क्युबाच्या राजधानीत, हवानात, पंधरवडाभर राहण्याचा योग आला, तेव्हा मी रुम्बा, म्हणजे तिथले ढोलांच्या तालावरचे गाणे-नाचणे, शिकवणाऱ्या एका वृद्ध गुरुजींची शिकवणी लावली. त्यांनी माझ्या हाती दोन जाड, गुळगुळीत दांडकी दिली. जहाजबांधणीत वापरल्या जाणाऱ्या लाकडी खुंट्यांपासून हे वाद्य जन्मले, असे तिथे सांगतात. मला मात्र त्या आखूड टिपऱ्या वाटल्या, म्हणून मी त्या मुठीत आवळून धरल्या. पोळपाटावर लाटणे आपटावे तसा आवाज आला. एक दांडके वाकवलेल्या पंजावर नुसते टेकवायचे आणि खाली पोकळी राखायची, म्हणजे ते खणखणते, हे कळण्यात पहिला दिवस सरला.

ठोके पाचच. पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि तेरावी मात्रा: ही ‘सोन’ या क्युबन संगीतप्रकाराची क्लावे, म्हणजे या दांडक्यांवर वाजवायचा ठरलेला ठेका. मी कागदावर ३+३+४+२+४ अशी बेरीज मांडली, ती १६ भरली आणि तीनतालाच्या जोरावर मी निर्धास्त झालो. तेवढ्यात गुरुजींनी सांगितले की रुम्ब्यात तिसरा ठोका सातवीऐवजी आठवीवर पडतो. एका मात्रेचा उशीर! आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तालाही याहून अधिक होतो. पण तेवढ्याने माझे दोन दिवस खाल्ले.

खरी परीक्षा पुढे होती. चक्राची सुरुवात तीन ठोक्यांच्या अर्ध्याने करायची की दोन ठोक्यांच्या, हे गाण्याच्या चालीवर ठरते, आणि एकदा सुरू झालेली क्लावे कोणासाठीही थांबत किंवा वळत नाही. बाकीच्यांनी तिच्या कलाने घ्यायचे, जसे सगळे घर थोरल्या आत्याच्या कलाने घेते. मी मात्र सवयीने सम शोधत होतो. किंतो हा चढ्या आवाजाचा ढोल मनसोक्त बोलू लागला, की मला त्याच्या प्रत्येक दणक्यात ‘धा’ ऐकू येई, मान डोलावून दाद देण्याच्या नादात माझा एखादा ठोका गळे आणि गुरुजी ओरडत, “क्रुसाओ!” म्हणजे मी तालाला आडवा गेलो होतो. मांजर आडवे गेले तर माणूस चार पावले थांबून पुढे जातो. इथे मीच मांजर होतो आणि थांबण्याची सोय नव्हती. २०१६ मध्ये युनेस्कोने ज्या रुम्ब्याला मानवजातीचा अमूर्त वारसा ठरवले, त्याचे इतके नुकसान एकट्याने क्वचितच कोणी केले असेल.

शेवटी गुरुजींनी दांडकी माझ्याकडून काढून घेतली आणि आंबा चोखत बसलेल्या सात वर्षांच्या नातीला दिली. तिने हात फ्रॉकला पुसले आणि तोंडातला घास चघळतच बिनचूक वाजवायला सुरुवात केली. मला अंगणात चालत राहण्याची, आणि मुख्य म्हणजे न मोजण्याची, आज्ञा झाली.

मी स्वतःच्या बचावासाठी बेरजेचा कागद पुढे केला. गुरुजींनी तो आस्थेने, उलटसुलट करून पाहिला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि आपल्या डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सरकवला. शिकवणी संपेपर्यंत तो तिथेच होता, आणि खुर्ची पुन्हा हलली नाही.