धावत असत

काल सकाळी 6 वाजून 40 मिनिटांनी मला भूतकाळात जमा करण्यात आले. साधा भूतकाळ असता तर मी तक्रार केली नसती. ऑपरेशन झालेल्या 52 वर्षांच्या माणसाबद्दल 'हे धावले' असे कोणी म्हटले, तर ते निदान घडलेल्या गोष्टीचे प्रमाणपत्र तरी ठरते. माझ्या वाट्याला आला तो रीतिभूतकाळ. 'हे पूर्वी इथे धावत असत,' असे माझ्यादेखत, माझ्याकडे बोट दाखवून, एका तिऱ्हाईत गृहस्थांना सांगण्यात आले. 'असत' हे रूप मराठीत कोणासाठी राखून ठेवलेले आहे, हे आपण सगळेच जाणतो. पेशवे पर्वतीवर दर्शनाला जात असत. आजोबा पहाटे उठून विहिरीवर स्नान करीत असत. ज्यांच्या तसबिरीला हार घातलेला आहे अशांचे ते क्रियापद आहे, आणि मी तर हातात पाण्याची बाटली घेऊन समोर उभा होतो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती मला शोभा देणारी नाही. गेल्या दिवाळीत माळ्यावरचा आकाशकंदील काढून स्टुलावरून उतरताना उजवे पाऊल जमिनीवर घट्ट टेकले, बाकीचे शरीर मात्र कंदील सांभाळत वळले, आणि गुडघ्याच्या आतून 'टक्' असा आवाज आला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये म्हणून धरून ठेवणारे लिगामेंट, पूर्ण फाटलेले निघाले. सूज उतरून गुडघा नीट वाकेपर्यंत डॉक्टर थांबले आणि नोव्हेंबरअखेर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. मुंबई मॅरेथॉन 4 वेळा धावलेला आणि साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट 3 वेळा चढून उतरलेला मनुष्य घरातल्या दोन फुटी स्टुलावरून उतरताना कामी आला. सुरुवातीला मी भेटायला येणाऱ्यांना 'साताऱ्याच्या घाटात' असे मोघम उत्तर देत असे (येथे रीतिभूतकाळ योग्य आहे), परंतु दर वेळी बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर येई आणि 'अहो, आकाशकंदील ना?' एवढेच विचारून आत जाई.

काल मला धावण्याची परवानगी मिळाल्यानंतरचा पहिला दिवस होता. ही परवानगी देणारी फिजिओथेरपिस्ट 26 वर्षांची आहे, मला काका म्हणते, आणि गुडघ्याच्या वाटीच्या वर 10 सेंटिमीटरवर टेप लावून माझ्या दोन्ही मांड्या मोजते. डिसेंबरात उजवी मांडी डावीपेक्षा 4 सेंटिमीटरने रोड होती. तेव्हाचा माझा व्यायाम असा, की पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती मांडीच्या जोरावर खाली दाबायची आणि 10 अंक मोजायचे. ज्या पायांनी 42.195 किलोमीटर कापले होते त्यांतला एक पाय टॉवेलशी झुंजत होता, मला दरदरून घाम फुटला होता, आणि ती मुलगी वाकून पाहत अत्यंत प्रेमळपणे म्हणाली होती, "काका, टॉवेल दाबला जात नाहीये." जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी माझे सोबती मुंबईत धावत होते तेव्हा मी आरामखुर्चीत बसून टीव्हीवर त्यांना शोधत होतो, शेवटच्या टप्प्यातली पेडर रोडची चढण मी त्या वर्षी उशीवर पाय ठेवून चढलो.

साडेचार महिन्यांनी मिळालेली परवानगीही हात राखूनच होती. 1 मिनिट धावायचे, 2 मिनिटे चालायचे, असे 8 वेळा. तेही सपाट मातीवर आणि एक दिवसाआड. गुडघा सुजला तर बंद.

मैदान घराजवळच्या एका महाविद्यालयाचे आहे. लाल मातीची 400 मीटरची फेरी, मधोमध क्रिकेटची खेळपट्टी आणि फाटकापाशी कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक. या बाकावर रोज सकाळी तीन ज्येष्ठ नागरिक बसतात. गेली 12 वर्षे मी त्यांच्यासमोरून धावत गेलो आणि त्यांच्याशी एक शब्दही बोललो नाही. धावणाऱ्याला चालणारे लोक अडथळा वाटतात आणि बसलेले लोक देखावा, हे मी कबूल करतो. परंतु त्याची शिक्षा इतकी शुद्धलेखनासहित मिळेल असे मला वाटले नव्हते. मधोमध बसणाऱ्या सरांनी 34 वर्षे शाळेत मराठी शिकवले आहे. त्यांच्या उजवीकडे बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, आणि डावीकडचे गृहस्थ कोणत्याही विषयावर 'तेच म्हणतो मी' एवढेच बोलतात. काल बँकवाल्या काकांचे व्याही नागपूरहून आलेले होते आणि त्यांना मैदानावरची प्रेक्षणीय स्थळे दाखवणे चालू होते. कडुनिंब झाला, खेळपट्टी झाली, पलीकडे जमू लागलेला हास्यक्लब झाला, आणि तेवढ्यात फाटकातून मी आत आलो.

"हे पूर्वी इथे धावत असत," सर म्हणाले.

मी थांबलो. तेथेच चुकलो.

"मी अजूनही धावतो," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"आजपासून."

"म्हणजे अजून धावला नाहीत."

"आता धावणारच आहे."

"तो भविष्यकाळ झाला," सर शांतपणे म्हणाले. "'धावतो' म्हणायचं तर क्रिया आत्ता घडत असायला हवी, नाहीतर सवयीची असायला हवी. आत्ता तुम्ही उभे आहात, आणि सवय दिवाळीत मोडली. जी क्रिया पूर्वी नेहमी घडत असे आणि आता घडत नाही, तिला रीतिभूतकाळ म्हणतात. माझं चुकत असेल तर सांगा."

"तेच म्हणतो मी," डावीकडून आवाज आला.

त्यांचे चुकत नव्हते, आणि माझ्या संतापाचे खरे कारण तेच होते. कोणी निव्वळ उर्मटपणा केला तर त्याला उत्तर देता येते. बिनचूक व्याकरणाला उत्तर नसते. मी तडजोडीवर आलो आणि निदान 'धावत होते' तरी म्हणा, अशी विनंती केली.

"'धावत होते' म्हटलं, की पुढे काहीतरी यावं लागतं," सर म्हणाले. "धावत होते, इतक्यात कुत्रं आडवं आलं. धावत होते, तेवढ्यात पाऊस आला. तुमच्यामध्ये काय आलं?"

माझ्यामध्ये आकाशकंदील आला होता. मी गप्प राहिलो.

आता नागपूरच्या व्याह्यांना विषयात रस वाटू लागला. ऑपरेशन कसले, असे त्यांनी विचारले. दुर्बिणीतून, असे मी सांगितले. "दुर्बिणीतून?" ते खरोखर चकित झाले. "म्हणजे डॉक्टर लांब उभे होते का?" यावर बाकावरचे कोणीही हसले नाही, उलट चौघेही माझ्याकडे उत्तरासाठी पाहू लागले, तेव्हा मी गुडघ्याला पाडलेली छोटी भोके, त्यांतून आत जाणारी पेन्सिलीएवढी नळी, तिच्या टोकाचा कॅमेरा आणि पडद्यावर दिसणारा गुडघा यांचे वर्णन केले. फाटलेले लिगामेंट शिवून टिकत नाही म्हणून त्याच मांडीच्या मागच्या बाजूचा, हॅमस्ट्रिंगचा, दोरीसारखा भाग काढून हाडांना बोगदे पाडून बसवतात, हेही सांगितले.

"मांडीतलं काढून गुडघ्यात घातलं," व्याह्यांनी उजळणी केली. "मग मांडीत काय घातलं?"

"काही नाही."

"म्हणजे मुदत ठेव मोडून कर्जाचा हप्ता भरला," बँकवाले काका म्हणाले आणि लगेच मूळ मुद्द्यावर आले. "खर्च किती आला?"

2 लाख 40 हजार, असे मी सांगितले. त्यांनी डोळे मिटले. "समजा, यापुढे तुम्ही एकूण 2,400 किलोमीटर धावलात. तर किलोमीटरला 100 रुपये पडतात. रिक्षा पुष्कळच स्वस्त आहे हो."

"मीटरनं आली तर," सर म्हणाले.

"तेच म्हणतो मी."

"मेडिक्लेम होता ना पण?" काकांनी विचारले. हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता, कारण गुडघ्याची वेदना केव्हाच ओसरली असली तरी त्या दिवसाची ओसरलेली नाही. डॉक्टरांनी सकाळी 11 वाजता 'आता घरी जा' असे सांगितले आणि विमा कंपनीची मंजुरी संध्याकाळी साडेसातला आली. तोपर्यंत मी पायाला लांबलचक पट्टा बांधलेल्या अवस्थेत, घरचे कपडे घालून, कॉटच्या कडेवर बसून होतो, आणि दुसऱ्या रुग्णासाठी ती कॉट हवी असल्याने सफाईवाल्या मावशी दर अर्ध्या तासाने मला फक्त पाहून जात होत्या. मध्येच कंपनीने अपघाताचे स्वरूप लेखी मागितले. तेव्हा 'घाट' असे लिहिण्याचा मोह आवरून मी कागदावर 'आकाशकंदील' असे लिहून सही केली. शेवटी हातमोजे, कापूस आणि तत्सम वस्तूंचे पैसे मंजूर रकमेतून वगळण्यात आले. ते हातमोजे मी घातले नव्हते. शस्त्रक्रिया करणाऱ्याने हातमोजे घालावेत की नाही हा रुग्णाच्या हौसेचा भाग आहे, असे ज्या कोणाला वाटते त्या मनुष्याला मी शोधतो आहे.

हे सगळे मी बाकासमोर उभ्याने बोललो, चांगलाच वेळ बोललो, आणि बोलून झाल्यावर सर म्हणाले, "पण आता बरे दिसता की!"

हे वाक्य मी डिसेंबरपासून ऐकत आलो आहे, आणि त्याच्याइतके कोणत्याही वाक्याने मला घाबरवलेले नाही. नवीन बसवलेली दोरी शरीर आधी मऊ करते आणि मग हळूहळू तिचे लिगामेंट बनवते. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सर्वांत कच्ची असते, आणि नेमकी तेव्हाच वेदना गेलेली असते, काठी सुटलेली असते, आणि भेटणारा प्रत्येक जण 'बरे दिसता की' म्हणत पाठीवर थाप मारतो. त्या दिवसांत मी रात्री पाण्यासाठी उठतानाही पाऊल वळणार नाही अशा बेताने उठत होतो. उडी, वळण, मैदानी खेळ यांना 9 महिने तरी हात लावायचा नाही आणि तेव्हाही उजव्या पायाची ताकद डाव्याच्या 90 टक्के भरल्याशिवाय नाही, हे कोणाला सांगावे, तर समोरच्याच्या साडूने दुसऱ्याच महिन्यात क्रिकेट खेळलेले असते. मी बाकासमोर यातले काहीही बोललो नाही. "येतो," एवढेच म्हणून 5 मिनिटे चालायला निघालो, कारण अंग गरम केल्याशिवाय धावायचे नाही असा हुकूम होता.

पाच मिनिटे संपली, मी मनगटावरच्या घड्याळाची कळ दाबली, उजवे पाऊल पुढे टाकले, आणि त्याच क्षणी मैदानाच्या कोपऱ्यातून 20–25 माणसे एका सुरात हसली.

हास्यक्लबची वेळ 7 वाजताची असते, हे मला ठाऊक आहे. 1995 साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी ही चळवळ सुरू केली तेव्हा माझा गुडघा त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता, हेही मला मान्य आहे. तरीही तब्बल साडेचार महिन्यांनी माणूस पहिले पाऊल उचलतो आणि 'हो हो, हा हा हा' असा टाळ्यांसह प्रतिसाद येतो, तेव्हा तो वैयक्तिक नाही अशी स्वतःची समजूत घालणे फार कठीण असते. माझी दोन्ही पावले वेगवेगळा आवाज करीत होती. डावे पाऊल 'धप्' असे निर्धास्त पडत होते आणि उजवे, ओल्या फरशीवर पाहुण्याने ठेवावे तसे, आवाज न करता टेकत होते. धप्, आणि काही नाही. धप्, आणि काही नाही. एक कुत्रे काही अंतर माझ्या बाजूने चालले, धावले नाही, चाललेच, आणि कंटाळून बसले. घड्याळाने या मिनिटाची नोंद 'चालणे' या सदरात केली.

परंतु पाचव्या मिनिटाला उजव्या पायाचाही आवाज आला. मी तो ऐकला. सहाव्याला पुन्हा आला, सातव्याला दोन्ही आवाज जवळजवळ सारखे झाले, आणि आठवे मिनिट संपवताना मी अशा बेताने फेरी आखली, की बाकासमोरून जाताना मी नेमका धावत असेन. काय म्हणायचे तेही ठरवले होते. थांबायचे नाही, मान वळवायची नाही, फक्त 'सर, काळ कोणता?' एवढे विचारून पुढे जायचे.

बाक रिकामा होता. सव्वासातला दूध घ्यायला सगळे उठतात, असे मैदानावरच्या माळीबुवांनी सांगितले, आणि खेळपट्टीवर पाणी मारले आहे, तिकडे पाय ठेवू नका, अशी ताकीदही दिली.

आज सकाळी गुडघ्याला सूज नाही. टेप लावून पाहिले. पण फिजिओने एक दिवसाआड सांगितले आहे, त्यामुळे आज धावायचे नाही, केवळ चालायचे आहे. आणि मैदानात शिरायला फाटक एकच आहे.