'35 दिवसांत थ्रिलर' : फोर्सिथच्या नावावर फिरणारी अर्धी गोष्ट

सांगली-साताऱ्याच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : ब्रिटिश थ्रिलर-लेखक फ्रेडरिक फोर्सिथ मुळात गुप्तहेर, कफल्लक झाल्यावर 35 दिवसांत 'द डे ऑफ द जॅकल' (फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायला भाड्याने आणलेल्या मारेकऱ्याची कादंबरी) लिहिली, प्रकाशकांच्या उड्या पडल्या, तेव्हा महिनाभर बसलात तर तुम्हालाही जमेल. यातलं कफल्लक असणं आणि 35 दिवस, एवढंच खरं.

ते 35 दिवस टाइपरायटर बडवण्याचे, जानेवारी 1970 पासूनचे. माल त्याआधी आठ वर्षं साठत होता. 1962 मध्ये फोर्सिथ रॉयटर्सचा पॅरिसमधला वार्ताहर होता. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या जिवावर ओएएस ही अल्जीरियाच्या स्वातंत्र्याला विरोध करणारी सशस्त्र फ्रेंच संघटना उठलेली, त्यामुळे ते जातील तिथे बातमीदारही जायचे. 22 ऑगस्ट 1962 ला पती-क्लामारमध्ये त्यांच्या गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला, टायर फुटले, तरी ते बचावले. ओएएसची माणसं पोलिसांना नावानिशी ठाऊक आहेत, त्यांच्यात खबरेही पेरलेले आहेत. मग द गॉल यांना मारण्याचं काम कुठल्याच फायलीत नसलेला, भाड्याने आणलेला परकाच करू शकेल, हे त्याने तिथे हेरलं. कादंबरीचा कणा हाच.

'मुळात गुप्तहेर' हेही तसं नाही. आधी हवाई दलात वैमानिक, मग पत्रकार. एमआय6 या ब्रिटिश हेरखात्याला आपण नायजेरियातल्या बियाफ्रा युद्धापासून मदत करत होतो, तीही बिनपगारी, हे त्याने 2015 च्या आत्मचरित्रात सांगितलं. हेरखात्यात रीतसर नोकरी केलेला तो दुसरा ब्रिटिश हेरकथाकार, जॉन ल कारे. गल्लत बहुधा तिथे झाली असावी. शिवाय 'जॅकल'मधली गाजलेली युक्ती हेरखात्यातली नव्हे, सरकारी दप्तरातली आहे. स्मशानात आपल्या वयाच्या आसपास जन्मून लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव शोधायचं, त्याचा जन्मदाखला काढायचा, त्यावर पासपोर्ट मागायचा. जन्माची आणि मृत्यूची नोंद कुणी ताडून बघत नसे, म्हणून हे खपायचं. ब्रिटनमध्ये या फसवणुकीला पुढे या कादंबरीचंच नाव पडलं.

प्रकाशकांच्या उड्या? हस्तलिखित एकामागून एक परत आलं. द गॉल तेव्हा हयात होते. कट फसणार हे ठाऊक असताना कोण वाचेल, असा सवाल. फोर्सिथने मग छोटा गोषवारा लिहून पटवलं की प्रश्न 'मारतो का' हा नाही, 'किती जवळ पोचतो' हा आहे. हचिन्सन या प्रकाशनसंस्थेने 1971 मध्ये पुस्तक काढलं, पहिली आवृत्ती 8,000 प्रतींची.

राहिला 'तुम्हालाही जमेल'चा भाग. जमेलही, पण आधी कागदावर तीन रकाने आखा : वेळ, ठिकाण, कोणाला काय माहीत. बहुतेक हस्तलिखितं तिसऱ्या रकान्यात आपटतात. पोलिसाला जे अजून कळलेलंच नाही, त्यावर तो धावत सुटतो. पहिले दोन पायी फिरून तपासावे लागतात. सातारा स्टेशन माहुलीजवळ, शहरापासून पाच-सहा किलोमीटर; गाडीतून उतरलेला नायक दोन मिनिटांत राजवाड्यावर दिसला की सातारकर पुस्तक मिटतो. कथा 1965 ची असेल तर पुणे-मिरज मार्ग मीटरगेज होता (ब्रॉडगेज 1971 मध्ये झाला), म्हणजे मुंबईहून निघालेल्याला पुण्यात गाडी बदलणं भाग. आणि सांगलीहून मुंबईला फोन करायचा तर ट्रंक कॉल बुक करून एक्स्चेंजची वाट बघत बसायचं. त्या मधल्या वेळेत खलनायक काय करतोय, हेही रकान्यात भरा.