यादीत नाव नसलेल्या वाड्यांचं काय?

दरडप्रवण गावांच्या याद्या करून तिथल्या लोकांना मोबाइलवर इशारे पाठवावेत, असं दरडींवरच्या एका लेखात वाचलं, ते पटलं. पण सगळी भिस्त यादीवर ठेवली तर घात होतो. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा ती वाडी धोक्याच्या यादीतच नव्हती. वर गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मदतीला आलेले भर पावसात डोंगर चढून गेले आणि यंत्रं खालीच राहिली.

दरड कोसळण्याआधी बरेचदा खुणा दिसतात. घरामागच्या उतारावर नवी भेग, एरवी नितळ असलेल्या झऱ्याला अचानक लाल गढूळ पाणी, कललेली झाडं, चौकटीत अडकायला लागलेलं दार. भर पावसात ओढ्याचं पाणी एकदम कमी झालं तर वर कुठेतरी माती आडवी आली असेल, असं समजून लगेच घर सोडायचं, सामान आवरत बसायचं नाही. वाडीतल्या जाणत्यांना हे कळतं हो, पण रात्री दोन वाजता पोराबाळांना घेऊन जायचं कुठे? शाळेत म्हणावं, तर तीही पुष्कळदा त्याच उताराखाली!

पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर (30 जुलै 2014) दरड कोसळून दीडशेवर माणसं गेली. डोंगरउतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाची तेव्हा खूप चर्चा झाली. तरी सह्याद्रीचे उभे उतार कापून फार्महाऊस बांधणं चालूच आहे, याचा फार संताप येतो. प्रत्येक वाडीला साधा पर्जन्यमापक, तो रोज बघणारी दोन माणसं आणि निवाऱ्याची पक्की जागा, एवढं तरी 1 मेच्या ग्रामसभेत ठरवून घ्या.