रॉबर्ट स्मॉल्स आणि 'अडाणी गुलामांचं राज्य'

अमेरिकेच्या यादवी युद्धाविषयी (1861-65, गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेतली राज्यं विरुद्ध उत्तर) एक दावा शंभर वर्षांहून अधिक काळ फिरतो आहे आणि आता तो मराठीतही वाचायला मिळतो. युद्ध जिंकल्यावर उत्तरेने दक्षिणेतली राज्यं निरक्षर गुलामांच्या आणि बाहेरून आलेल्या संधिसाधूंच्या हाती दिली, त्यांनी तिजोऱ्या लुटल्या, मग तिथल्या गोऱ्यांनी कारभार ताळ्यावर आणला, असं त्याचं सार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम डनिंग यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी त्याला इतिहासाची मान्यता मिळवून दिली. पुराव्यादाखल हमखास नाव येतं ते साउथ कॅरोलायनाचे आमदार रॉबर्ट स्मॉल्स यांचं, कारण त्यांना लाचखोरीत शिक्षा झाली होती. मग त्यांच्याच आयुष्यावर हा दावा घासून पाहू.

'बाहेरून आलेले' हा शब्द आधी बाजूला काढू. स्मॉल्स यांचा जन्म 1839 मध्ये त्याच राज्यातल्या बोफर्टचा, मालकाच्या घरामागच्या खोलीतला. युद्धकाळात कर थकल्याने ते घर सरकारने लिलावात काढलं आणि स्मॉल्स यांनी विकत घेतलं. जुन्या मालकीच्या आधारे त्यावर झालेला दावा थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथेही स्मॉल्स जिंकले.

आता 'अडाणी'. तरुणपणी त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे खरं. पण साउथ कॅरोलायनात गुलामाला लिहायला शिकवणं 1740 पासून गुन्हा होता आणि 1834 मध्ये वाचायला शिकवण्यावरही बंदी आली. आधी कायद्याने पाटी हिसकावायची आणि मग 'यांना अक्षर येत नाही' म्हणून बोट दाखवायचं, ही चाल आपल्याला नवी नाही. स्मॉल्स राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, बसत होते त्याच काळात, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. म्हणूनच हा दावा मराठीत कुणी बिनदिक्कत पुढे पाठवला की मला जास्त लागतो.

आणि अक्षरओळख नसलेल्या या माणसाने काय केलं होतं? 13 मे 1862 च्या पहाटे चार्ल्स्टन बंदरातलं 'प्लँटर' हे दक्षिणेच्या सैन्याचं जहाज त्यांनी पळवलं; त्यावर ते गुलाम म्हणून सुकाणू धरत. गोरे अधिकारी नियम मोडून रात्री किनाऱ्यावर झोपले होते. स्मॉल्स यांनी वाटेत बायकामुलांना चढवून घेतलं, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली आणि बंदराच्या तोंडावरच्या फोर्ट सम्टर या दक्षिणेच्या किल्ल्यासमोरून जाताना शिट्टीचे ठरलेले इशारे बिनचूक दिले. तोफांच्या टप्प्याबाहेर आल्यावर पांढरी चादर फडकवून जहाज उत्तरेच्या नौदलाच्या स्वाधीन केलं. याला नशीब म्हणणाऱ्यांनी त्या बंदराचा प्रत्येक वाळूचा दांडा पाठ असायला काय लागतं, याचा विचार करावा. त्याच वर्षी ते वॉशिंग्टनला युद्धमंत्री स्टँटन यांना भेटले आणि त्याच राज्याच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट रॉयलच्या भागात 5,000 पर्यंत काळे सैनिक भरती करायला परवानगी मिळाली. 1864 मध्ये फिलाडेल्फियात असताना ते शिकवणी लावून लिहा-वाचायला शिकले. पुढे राज्याच्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या राखीव सेनेत, मेजर जनरल झाले.

'सत्ता दिली' हेही तपासायला हवं. 1860 मध्ये राज्याच्या सुमारे 7 लाख लोकवस्तीत 4 लाख गुलाम होते. त्यांना मत मिळाल्यावर सभागृहात त्यांचे प्रतिनिधी आले, यात कुणाची मेहेरबानी नव्हती. गव्हर्नर तर एकही काळा झाला नाही. 1868 च्या घटना-परिषदेत स्मॉल्स यांनी सर्व मुलांसाठी मोफत सरकारी शाळांचा आग्रह धरला, आणि त्या घटनेत सार्वजनिक शिक्षण आलं. तिजोरी कशासाठी उघडली, हे विचारताना हा खर्चही मोजायला हवा.

राहिली लाच. त्या काळात राज्याच्या छपाईच्या कंत्राटांत पैसे खाल्ले गेले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण स्मॉल्स यांच्यावर 5,000 डॉलर घेतल्याचा खटला चालला तो 1877 मध्ये, विरोधी डेमोक्रॅट पक्षाने, म्हणजे तेव्हाच्या दक्षिणी गोऱ्यांच्या पक्षाने, सत्ता घेतल्यावर. मुख्य साक्षीदार सिनेटचे लिपिक जोसेफस वुडरफ. हा गोरा माणूस त्या गैरव्यवहाराच्या केंद्रस्थानी होता आणि शिक्षेतून सूट मिळण्याच्या बोलीवर साक्षीला उभा राहिला. स्मॉल्स यांना तीन वर्षं सक्तमजुरी झाली. 1879 मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर सिम्पसन यांनीच त्यांना माफी दिली आणि त्याच्या बदल्यात निवडणूक-गुन्ह्यांतल्या डेमोक्रॅटांवरचे केंद्राचे खटले थांबले. जी शिक्षा सौद्यात मोडता येते, तिला एका अख्ख्या समाजाच्या नालायकीचा पुरावा कसं म्हणायचं?

आणि तो 'ताळ्यावर आणलेला' कारभार कसा आला? 1876 च्या जुलैत हॅम्बर्ग गावात काळ्या मिलिशियातल्या माणसांना पकडून गोळ्या घातल्या गेल्या. निवडणुकीच्या प्रचारात 'लाल सदरेवाले' म्हणजे डेमोक्रॅटांचे सशस्त्र गोरे समर्थक बंदुका घेऊन सभांमध्ये घुसत होते. 1895 मध्ये नवी घटना लिहायला परिषद बसली. 160 सदस्यांत काळे फक्त सहा, त्यांत स्मॉल्स. मतासाठी डोईपट्टी आणि घटना वाचण्याची किंवा ऐकून समजावून सांगण्याची अट घालणाऱ्या त्या कागदावर त्यांनी सही करायला नकार दिला.