ढग अडत नाहीत, हवा चढते

"सह्याद्री ढगांना अडवतो, म्हणून कोकणात पाऊस" हे कोकणातल्या पावसावरच्या लेखातलं वाक्य दुरुस्त करायला हवं. मुलं हेच पाठ करतात. समुद्रावरची दमट हवा घाटाला भिडून वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि थंड होते: संपृक्त होईपर्यंत, म्हणजे तिच्यात आणखी बाष्प मावेनासं होईपर्यंत, दर किलोमीटरला सुमारे १० अंश, नंतर साधारण ४ ते ६, कारण बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. म्हणजे बराचसा ढग तिथेच, चढणीवर तयार होतो. घाटमाथ्यावरच्या आंबोलीला पायथ्याकडच्या सावंतवाडीपेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो तो यामुळेच.

घाटापलीकडची बाजू तर लेखात आलीच नाही. तिथे पाऊस घटतो तो केवळ बाष्प आधीच बरसून गेल्यामुळे नाही. खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि उरलेले ढगातले थेंब पुन्हा वाफ होऊन विरतात.