सायकल डब्यात कशाला? स्टेशनावर ठेवा

आमच्या पाचोऱ्याच्या मित्रमंडळीत गेल्या आठवड्यात वाद पेटला. एका पोराने सकाळच्या जळगावच्या गाडीत सायकल चढवली. जळगाव स्टेशनावरून एमआयडीसीत कामाला जायचं, रोजचं रिक्षाभाडं परवडत नाही, एवढंच कारण. दारातल्या अपडाऊनवाल्यांनी त्याला सायकलीसकट खाली उतरवलं. लगेच एका मित्राने निकाल दिला, 'नेदरलँडचा पंतप्रधान सायकलने राजवाड्यावर जातो, तिथे सायकली ट्रेनमधून नेतात, आणि आपली माणसं बघा. कधी सुधारणार?'

मी नेदरलँडमध्येच राहतो आणि रोज आमर्सफोर्टहून उट्रेख्तला जातो, त्यामुळे डोकंच फिरलं. रुटे पंतप्रधान असताना सायकलने जायचे, हे खरं. पण सोमवार ते शुक्रवार सकाळी 6.30 ते 9 आणि दुपारी 4 ते 6.30 या वेळात इथल्या गाडीतही सायकल चालत नाही. जुलै-ऑगस्ट तेवढे सोडले तर वर्षभर. बाकीच्या वेळी न्यायची तर सायकलीचं वेगळं तिकीट. घडीची सायकल मात्र घडी करून फुकट. म्हणजे तो पोरगा त्याच वेळी आमर्सफोर्टलाही फलाटावरच राहिला असता. आणि गर्दी नसलेल्या वेळी तरी काय सुख आहे? स्प्रिंटरमध्ये, म्हणजे इथल्या लोकल गाडीत, सायकलीच्या जागेत आधीच दोन सायकली आणि एक बाळगाडी असते. तिसरी आली की पेडल दुसरीच्या आऱ्यांत अडकतं, आणि पुढच्याच स्टेशनाला उतरायचं असतं ते सगळ्यात आतल्या सायकलवाल्याला. मग सगळ्यांनी आपापली सायकल घेऊन खाली, आणि पुन्हा वर.

पाचोऱ्याच्या त्या डब्यात कोण होतं, हे मला माहीत आहे. तिघांच्या बाकावर चौथी सीट देणारी माणसं आहेत ती. एकाचा डबा उघडला की चार हात त्यात जातात, आणि कुणाला चक्कर आली तर अख्खा डबा उठून जागा करतो. त्यांना रानटी ठरवणाऱ्याने आधी महिनाभर पास काढून अपडाऊन करावं. त्या दारात माणसाच्याच पायाला जागा नसते.

रेल्वेचा नियम म्हणाल तर सायकल लगेज म्हणून बुक करा आणि ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या सामानाच्या डब्यात, टाका. एखाद्याची बदली झाली, घर हललं, तर ठीक आहे. दोन मिनिटांच्या थांब्यावर कामगाराने हे रोज कसं करायचं?

खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि आपल्याकडचं कुणी ती सांगत नाही. डच माणूस रोजच्या प्रवासात सायकल गाडीत नेतच नाही, स्टेशनावर ठेवतो. उट्रेख्तच्या स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकली मावतात, पहिले 24 तास फुकट. उतरल्यावर पुढे जायला ओव्ही-फिट्स, म्हणजे स्टेशनावर भाड्याने मिळणारी सायकल. आणि माझ्या ऑफिसातल्या कितीतरी जणांच्या दोन सायकली आहेत: घराकडची चांगली, आणि कामाकडच्या स्टेशनावर ठेवलेली जुनी.

हे तर आमच्या वडिलांनीच केलं होतं. पाचोरा-जामनेर या छोट्या गाडीने, म्हणजे पीजेने, ते शेंदुर्णीच्या शाळेत जायचे. एक सायकल पाचोरा स्टेशनाच्या सायकल स्टँडवर, दुसरी शेंदुर्णीला किराणा दुकानाच्या ओट्याखाली. दुकानदार रात्री साखळी लावायचा आणि दिवाळीला वडील त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचे. ती छोटी गाडी करोनात बंद पडली, सायकली गेल्या, आणि आता स्टँडवर मोटारसायकलींशिवाय काही दिसत नाही. तरीही मला युरोपचे दाखले द्यायचे?

वादात मी हे सगळं लिहिलं. उत्तर आलं, 'तू तिथं बसून आम्हाला शिकवू नको, भो.' ते लागलं. रात्रभर लागलं. कारण माझ्याकडे पाचोऱ्याचा पास नाही, आणि वैशाखातल्या उन्हात तापलेल्या त्या पत्र्याच्या डब्यात मी आता उभा राहत नाही. पण इथे आमर्सफोर्टच्या फलाटावर रोज तेच चेहरे भेटतात आणि कुणी कुणाला नाव विचारत नाही. माझी सायकल चोरीला गेली, तर ते सांगायलासुद्धा शेजारी कुणी नव्हतं. गाडी म्हटलं की आजही माझ्या डोळ्यांसमोर भुसावळकडून येणारीच गाडी येते. ज्या गावाच्या गाडीसाठी जीव तुटतो, त्या गावाच्या स्टँडबद्दल बोलायचा हक्क मी सोडणार नाही.

तेव्हा त्या पोराला डब्यात जागा मागत बसू नका. पाचोऱ्याला आणि जळगावला, दोन्हीकडे सायकलींसाठी वेगळा, छपराचा, राखणदार असलेला स्टँड मागा, त्याचा दर मोटारसायकलीच्या निम्म्याहून कमी ठेवायला लावा, आणि रात्रीची शेवटची गाडी येईपर्यंत तो उघडा ठेवायला लावा. जळगावला ठेवायची त्या पोराची दुसरी सायकल मी घेऊन देतो.